नानांच्या प्लॉटमधला तरोटा

भाजी ओळखता येत नाही, असं चौऱ्याहत्तर वर्षांत मला कुणी म्हटलं नव्हतं. या जूनमध्ये माझ्या सुनेनं ते न म्हणता करून दाखवलं. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला माझी भाजीची पिशवी असते. ती मेघानं काढली आणि आपल्या स्कूटरच्या हुकाला लावली. कारण काय, तर मी आणलेली गिलकी कडू निघाली आणि त्या दिवशी नेमके माझ्या मुलाचे, दीपकचे, साहेब जेवायला होते. गिलकं बाहेरून कडू दिसत नाही. दिसलं असतं तर माणसाला जीभ कशाला लागली असती? साहेबांनी एक घास खाल्ला आणि उरलेलं जेवण संपेपर्यंत फक्त दह्याचं कौतुक केलं. ते गेल्यावर दीपक आवाज मऊ करून म्हणाला, "आई, आता तू दगदग करू नको. मेघा येताना आणत जाईल." मुलगे आवाज मऊ करतात तेव्हा काहीतरी काढून घेत असतात.

मेघा आणते ती भाजी थर्माकोलच्या ताटलीत असते आणि वरून प्लास्टिक ताणलेलं असतं. आत भेंड्या सगळ्या एका मापाच्या, शाळेच्या कवायतीला निघाल्यासारख्या. एकदा तिनं झुकिनी आणली. दिसायला काकडी, चिरल्यावर भोपळा, शिजल्यावर पाणी. मग ब्रोकोली आणली. मी विचारलं, "हिचं भरीत होईल का?" आमच्या खानदेशात अनोळखी वस्तू घरात आली की पहिला प्रश्न हाच असतो. ती म्हणाली, "आई, ही नुसती वाफवून खायची असते." आम्ही म्हशीला सरकी शिजवून घालायचो, तीसुद्धा मीठ टाकून.

असे माझे दिवस चालले असताना जुलैच्या शेवटी शेजारच्या सुनंदाबाई एक कागद घेऊन आल्या. सुनंदाबाईंचं सगळं ज्ञान मोबाइलमध्ये आहे. पानाचा फोटो काढला की मोबाइल झाडाचं नाव सांगतो म्हणे. मी एकदा परीक्षा म्हणून त्यांना दारातली तुळस दाखवली. मोबाइल बराच वेळ गोल गोल फिरला आणि मग त्यानं तीन नावं दिली, यातलं एक निवडा म्हणून. तुळशीसाठी तीन पर्याय. त्या दिवसापासून मी त्या यंत्राशी बोलत नाही.

कागदावर लिहिलं होतं की हरितधन रानभाजी संवर्धन मंडळ पिंप्राळ्यातल्या मंगल कार्यालयात रानभाज्यांचा मेळावा भरवत आहे आणि त्यात पाककृतींची स्पर्धा आहे. "अक्का, आपल्या कॉलनीतून तुम्हीच," सुनंदाबाई म्हणाल्या. "बाकी आम्हाला मेथी आणि कोथिंबीर यातच गोंधळ होतो."

मला हसू आलं. रानभाजी म्हणजे काय, तर जी खाताना आमच्या लहानपणी लोक दार लोटून घेत. घरातलं धान्य तळाला गेलं की तरोटा, ज्याला कुणी टाकळा म्हणतं, तो शिजायचा आणि आपल्या घरी तो शिजतोय हे शेजारणीला कळू नये म्हणून वास झाकायची धडपड असायची. आता तोच तरोटा टोपलीत मांडतात, त्याला हळदकुंकू वाहतात आणि पाहुणे त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात.

पण तरोटा म्हटल्यावर मी नरमले, हे खरं आहे. मी सोनगीरची. माझे वडील तिथे मास्तर होते. माझी मैत्रीण भिकुबाई, तिची आई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायची. पावसाळ्यात संध्याकाळी परत येताना ती आमच्या ओट्यावर पदर मोकळा करायची आणि हिरव्या पानांचा ढीग पडायचा. निवडलेला, देठ काढलेला. लसूण आणि दाण्याचं कूट घालून आई तो तरोटा करायची. तसली चव नंतर कुठे मिळाली नाही. सासरी मिळाली नाही आणि थर्माकोलच्या ताटलीत तर मिळणारच नाही. हे मी मेघाला लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यापासून सांगत आले आहे, म्हणजे आता सतरा पावसाळे झाले.

त्यामुळे मेघा म्हणाली, "एकदा करून दाखवाच आई तो तरोटा."

"दाखवीन. पण पहिला नंबर आला तर माझी पिशवी खिळ्यावर परत आली पाहिजे."

"आणि नाही आला तर?"

"तर तू सांगशील ती भाजी मी तोंड न उघडता निवडीन."

तिनं लगेच होकार दिला. मला वाटतं, तिला दुसऱ्या अटीचा मोह पडला.

आता जे सांगते ते घरात अजून कुणाला माहीत नाही. तरोटा मला ताटात ओळखता यायचा. शेतात उभा असलेला मी कधी नीट पाहिलाच नव्हता. मास्तरांच्या मुलीला निंदायला कोण पाठवणार? आमच्याकडे भाजी यायची ती पानांच्या रूपात, आणि पानं सगळी हिरवीच असतात. मी सोनगीरला भिकुबाईला फोन लावला.

"तुले तरोटा वळखता येस ना व वच्छी?" तिनं पहिलाच प्रश्न असा विचारला.

"येतो गं. नुसती खात्री करतेय."

"पानं जोडी जोडीना ऱ्हातस. फूल पिव्वं. आनि दिन मावळना का पानं मिटी जातस. आखो एक, पानं मोजजो—"

"भिकुबाई, मी काय कालची पोर आहे का," मी म्हटलं आणि फोन ठेवला. तीन खुणा पुरेशा होत्या. चौथी ऐकून घेणं म्हणजे मला काहीच येत नाही हे कबूल करणं होतं.

आमच्या कॉलनीच्या मागे एक रिकामा प्लॉट आहे. मालक पुण्याला असतो. तिथे आमचे रुपचंद नाना दर पावसाळ्यात काहीतरी लावतात. नाना एसटीत कंडक्टर होते. यंदा त्यांनी भुईमूग लावला होता आणि कॉलनीतल्या प्रत्येकाला तो तोंडी दाखवला होता. प्रत्यक्ष बघायला कुणी गेलं नव्हतं. मी पिशवी नसल्यामुळे पदर खोचून गेले. प्लॉटमध्ये दोन तऱ्हेची झाडं होती. एक भिंतीच्या कडेनं सरळ रांगेत उभी होती, उंच आणि शिस्तशीर. दुसरी मधल्या जागेत बुटकी, वेडीवाकडी, कुठेही उगवलेली. आता पीक कोणतं आणि रान कोणतं हे कळायला शाळा शिकावी लागत नाही. रांगेतलं ते पीक. मी नानांच्या रांगेला धक्का लागू नये म्हणून लुगडं सावरून लांबून वळसा घातला आणि मधल्या रानात बसले. पानं जोडीजोडीनं. फूल पिवळं. तिसऱ्या खुणेसाठी मी दिवस मावळेपर्यंत तिथे बसून राहिले. पानं खरंच एकेक करून मिटली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सोनगीर सोडल्यावर पंचावन्न वर्षांनी तरोटा मला पिंप्राळ्यात भेटला होता.

दुसऱ्या दिवशी मी कोवळे शेंडे खुडून भाजी केली. लसूण, हिरवी मिरची, दाण्याचं कूट. पहिला घास घेतला आणि मी हातातली भाकरी खाली ठेवली. तीच चव. कणभर फरक नाही. याच्यापुढे कसल्या खुणा मोजायच्या? दीपकनं दोनदा घेतली. मेघानं कढई पुसून खाल्ली.

मग आला फॉर्म. मंडळाच्या पुनम मॅडम स्वतः घेऊन आल्या. पंचविशीची मुलगी, हातात फाइल, गळ्यात ओळखपत्र. फॉर्मवर भाजीचं स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, उगवण्याचं ठिकाण, पहिल्यांदा खाल्ल्याचं वर्ष असे रकाने होते. शेवटी लिहिलं होतं, 'भाजी ओळखणाऱ्या व्यक्तीस भाजी ओळखता येते याबाबत दोन ज्येष्ठ नागरिकांचे प्रमाणपत्र.'

"म्हणजे तरोटा मी ओळखायचा आणि मला कुणी ओळखायचं?" मी विचारलं.

"तसं नाही आजी. सुरक्षिततेसाठी. मागच्या वर्षी एकीनं शोभेचं झाड शिजवलं."

"तू भाजी बघून घे ना बाई. घरात आहे."

"भाजी परीक्षक बघतात," पुनम मॅडम म्हणाल्या. "मी फक्त कागद बघते. आणि मेळाव्याच्या दिवशी एक नमुना मुळासकट आणा. मुळासकट नसेल तर बाद."

दोन ज्येष्ठ नागरिक म्हणजे सुनंदाबाई आणि रुपचंद नाना. सुनंदाबाईंनी सही करायच्या आधी एका शेंड्याचा फोटो काढला. मोबाइल गोल गोल फिरला. "अक्का," त्या चाचरत म्हणाल्या, "हा तर म्हणतो, भुईमूग."

मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी मोबाइल उलटा ठेवला. "सुनंदाबाई, मी खानदेशात जन्मले. माझ्या भाजीत दाणे, चटणीत दाणे, उपासाला दाणे. तुमचं यंत्र मला दाणे शिकवणार?" त्यांनी सही केली.

नाना दुसऱ्या दिवशी आपणहून आले, पण वेगळ्या कामाला. "अक्का, माझ्या भुईमुगाला कुणीतरी तोंड लावलं. मधला सगळा पट्टा खुडलाय. डुकरं म्हणावीत तर डुक्कर मुळं उकरतं. गाय म्हणावी तर गाय इतकी नीट शेंडे खुडत नाही."

"बकरी असेल," मी म्हटलं. "बकरी शेंडेच खाते. काट्या लावा नाना. आणि तुमची रांग तर चांगली उभी आहे की, मी पाहिलीय."

"रांग? रांगेनं काय करायचंय, तिकडे मी बघतही नाही," नाना म्हणाले. मला ते बोलणं विचित्र वाटलं, पण जन्मभर एसटीत घंटी वाजवलेला माणूस शेतीचं काय बोलतो त्याकडे मी फारसं लक्ष दिलं नाही. दुःखात आहेत म्हणून गरम भाकरी आणि तरोटा वाढला. नानांनी ताट स्वच्छ केलं. "काय भाजी आहे अक्का. बकरीचा रागच गेला," असं म्हणून त्यांनी फॉर्मवर सही केली आणि पुढे आपल्या अक्षरात लिहिलं, 'सदर बाईंना तरोटा ओळखता येतो याची मी स्वतः खाऊन खात्री केली आहे.'

त्यानंतर आठ दिवस कॉलनीत बकरीचा शोध चालला होता. सगळ्यात जास्त सूचना मीच केल्या.

मेळाव्याच्या दिवशी मी भाजी पितळेच्या पातेल्यात झाकून नेली. नमुना म्हणून सुनंदाबाईंनी मी दाखवलेलं एक झाड मातीच्या ढेकळासकट उपटून बादलीत ठेवलं होतं. कार्यालयात नुसता थाट. एकीनं केन्याच्या पानांचा पिझ्झा केला होता. दुसरीनं कुर्डूचा केक. आमच्या आयांनी हे पाहिलं असतं तर त्या पुन्हा दार लोटून आत बसल्या असत्या, पण या वेळी वेगळ्या कारणानं.

परीक्षक होते पाचोऱ्याचे निवृत्त प्राचार्य प्रेमराज सर. त्यांनी जन्मभर इतिहास शिकवला होता. पिझ्झा त्यांनी चावला आणि माझ्या पातेल्यापाशी आले. एक घास घेतला. डोळे मिटले. मिटलेलेच राहिले. आजूबाजूच्या बायका पाणी आणायला धावल्या. मग सरांनी डोळे पुसले, माइक मागून घेतला आणि म्हणाले, "हा माझ्या आईच्या हातचा तरोटा आहे. बासष्ट साली खाल्ला, त्यानंतर आज. जिभेला इतिहास विसरता येत नाही." ते बराच वेळ बोलले. शेवटी त्यांनी माझ्या फॉर्मवर 'प्रथम' लिहून सही केली. मेघानं माझ्याकडे पाहिलं. मी खिळ्याकडे पाहिल्यासारखं छताकडे पाहिलं.

तेवढ्यात पुनम मॅडम बादली घेऊन आल्या. प्रथम क्रमांकाचा नमुना धुऊन टेबलावर ठेवायचा, असा त्यांचा नियम होता. त्यांनी नळाखाली ढेकूळ धरलं. माती विरघळली. मुळांना पांढऱ्या, कोवळ्या शेंगा लटकत होत्या. अशा शेंगा मी हजारदा पाटीत पाहिल्या आहेत, भाजून खाल्ल्या आहेत, सोलून कूट केलंय. फक्त झाडाला लटकलेल्या पहिल्यांदा पाहत होते.

पहिल्या रांगेत नाना बसले होते. ते उठून टेबलापाशी आले, वाकले, एक शेंग दोन बोटांनी दाबून पाहिली आणि हळूच म्हणाले, "बकरी सापडली."

केकवाल्या बाईनं केक कापायची सुरी खाली ठेवली. सुनंदाबाईंनी मोबाइल पर्समधून काढला होता, पण माझ्याकडे पाहून पुन्हा आत टाकला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही, आणि त्यांना तसं सांगणारही नाही.

"नाना, पण ही सही तुमची आहे," पुनम मॅडम फॉर्म वाचत म्हणाल्या. "स्वतः खाऊन खात्री केली आहे, असं लिहिलंय."

"मी भाजी खाल्ली. झाड कुठे खाल्लं?"

"तरोट्याला शेंगा येतातच," प्रेमराज सर म्हणाले. त्यांचा माइक अजून चालू होता. जिभेचा इतिहास सांगून झाल्यावर त्यांना मागे फिरता येत नव्हतं.

"जमिनीखाली?" नानांनी विचारलं.

"हवामान बदललंय," सर म्हणाले.

मेघा पुढे आली. तिनं झाड पाहिलं, नानांना पाहिलं आणि मग मला. हसली असती तर मी सहन केलं असतं. तिच्या चेहऱ्यावर दीपकच्या आवाजासारखं काहीतरी मऊ मऊ येऊ लागलं. पिशवी गेली, हे मला कळलं. पिशवीचंही मी काही म्हटलं नसतं. पण सतरा पावसाळे जे सांगितलं, ते सगळं तिच्या त्या मऊपणात बुडणार होतं.

त्याच वेळी दारातून भिकुबाई आत आली. माझ्या स्पर्धेची बातमी ऐकून ती सकाळच्या बसनं सोनगीरहून निघाली होती. हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं. पुनम मॅडमना नऊवारी नेसलेली एक म्हातारी दिसली, एवढं पुरे होतं. "आजी, तुम्ही गावाकडच्या ना? तुम्हीच सांगा, हे काय आहे?"

भिकुबाईनं झाड उचललं. शेंगा पाहिल्या. मग पातेल्यात बोट बुडवून भाजी चाटली. माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली.

"हाऊ तरोटाच शे," ती म्हणाली. "मास्तरना घरना तरोटा."

पुनम मॅडमनी ते फॉर्मवर लिहून घेतलं. सरांनी सुस्कारा सोडला. नाना जाताना माझ्याजवळ थांबून एवढंच म्हणाले, "अक्का, काढणीपर्यंत राखण तुमची. रोज संध्याकाळी पाच ते सात."

घरी आल्यावर भिकुबाईनं फडकं सोडलं. आत खरा तरोटा होता, नानांच्या भिंतीकडेला रांगेत उभा होता तोच. एकेका काडीवर पानांच्या तीन तीन जोड्या. भुईमुगाला दोनच असतात. ती चौथी खूण होती, मी फोन ठेवला होता ती. मेघा बाहेर गेली होती, म्हणून मीच चूल पेटवली, म्हणजे गॅस. तोच लसूण, तेच कूट. घास घेतला आणि मला तोंड वाकडं करावं लागलं. उग्र, जरा कडसर. "हा जून झालाय का गं? आमच्याकडे असा नव्हता."

भिकुबाई शांतपणे जेवत होती. "तुन्हा घर आम्ही कधी तरोटा दिधाच नही व वच्छी."

"मग?"

"तू मन्हा ताटमातला तरोटा दखीसन रडे. माले बी तोच पाहिजे म्हने. पन मायले ते बरं नही वाटे. 'मास्तर आपला पोरेसले फुकट शिकाडस, त्याना ताटमा तण कसं वाढू,' म्हने. निंदता निंदता भुईमुंगना कवळा शेंडा खुडी लये. मालक दखी लिता ते तिले कामवरथीन काढी टाकता. तू तरोटा तरोटा करे, म्हनीसन आम्ही बी तरोटाच सांगे."

मी भाकरीचा तुकडा ताटात फिरवत राहिले. त्या बाईचं नाव मला आठवेना. सगळं गाव तिला भिकुबाईची आई म्हणायचं आणि मीही तेच म्हणत आले होते. मी विचारलं. "निंबाबाई," भिकुबाई म्हणाली आणि तरोटा आणखी वाढून घेतला. तिला तो आवडतो. तिची ती भाजी आहे.

पिशवी दुसऱ्या दिवशी सकाळी खिळ्यावर होती. मेघानं ती धुऊन ठेवली होती. प्रमाणपत्र दीपकनं चौकटीत लावून हॉलमध्ये टांगलं आहे. त्यावर 'तरोटा, प्रथम क्रमांक' असं छापलेलं आहे, म्हणजे आता तो तरोटाच.

पुढच्या रविवारी मेघा म्हणाली, "आई, आज तो तुमचा तरोटा करा ना."

मी पिशवी घेतली आणि प्लॉटवर गेले. नाना खुर्ची टाकून बसले होते. मी म्हटलं, "नाना, मूठभर शेंडे द्या."

"चोरून नाही?"

"मागून."

नानांनी स्वतः खुडून दिले. एक मूठ माझी आणि एक त्यांनी आपल्याकरता शिजवून डब्यात पाठवायला सांगितली. शेंडे खुडले की पीक कमी येतं, असं मध्येच बडबडत होते. मी ऐकून घेतलं. आता राखणदाराला एवढं ऐकावंच लागतं.

मेघा निवडायला माझ्यासमोर बसली. एकेक काडी हातात घेऊन ती पानं ओरबाडत होती आणि मोबाइलवर मैत्रिणीला सांगत होती की खरा तरोटा फक्त आमच्या सासूबाईंना ओळखता येतो. मी शेंडे निवडत राहिले. एका काडीवरच्या जोड्या मोजल्या असत्या तर तिला कळलं असतं. पण आजकालच्या मुली समोरचं पान मोजून बघत नाहीत. सगळं दुसऱ्याच्या सांगण्यावर.